टॅक्सीवाला घरी जातो तेव्हा

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. शहरातल्या वर्णद्वेषावरचा ‘क्रॅश’ बघताना तू रडलीस, मग मैत्रिणीने तो सिनेमा लबाड ठरवला आणि आता तुझ्याच पटकथेतला टॅक्सीवाला तुला साच्यातला वाटायला लागलाय. म्हणून तू त्याला सज्जन करून टाकलंस. इथे मात्र मला राग आला. सज्जनपणा हाही साचाच असतो गं!

कॅमेरा कुणाच्या घरी जातो ते बघ. आधी तेवढंच.

‘क्रॅश’ परत लाव. लॉस एंजलिसमधला तो गोरा पोलीस झडतीच्या नावाखाली एका काळ्या बाईची विटंबना करतो. तरी आपण त्याच्या घरी जातो, आजारी बापापायी त्याची झालेली ओढाताण बघतो. कुलूपवाल्याच्या घरी जातो, त्याची भेदरलेली मुलगी बघतो. आणि गाडीखाली आलेला तो आशियाई माणूस? त्याच्या वाट्याला दवाखान्यातली खाट आणि बायकोच्या हाती द्यायचा एक चेक. मग कळतं, तो माणसांचा व्यापार करत होता. संपला तो. तुझं रडू खरं होतं, पण ते कुणाकुणासाठी आलं नाही, ते तपास. २००६ मध्ये या सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं तेव्हा मीही भारावून लिहिलं होतं. तो लेख आता माझ्याच्याने वाचवत नाही.

त्यानंतर दिग्दर्शक स्पाइक लीचा १९८९ चा ‘डू द राइट थिंग’ बघ. ब्रुकलिनमधला एक रस्ता, उकाड्याचा एक दिवस. पाच जण एकामागून एक थेट कॅमेऱ्यात बघून दुसऱ्या जमातीला शिव्या घालतात. काळा पोरगा घालतो, तसा कोरियन दुकानदारही घालतो. आणि शेवटी पेटणाऱ्या दंगलीची ठिणगी कशाची? पिझ्झाच्या दुकानात भिंतीवर सगळे फोटो इटालियन-अमेरिकन लोकांचे, गिऱ्हाईक मात्र बहुतेक काळं. शहरातला वर्णद्वेष असा भिंतीवर टांगलेला असतो, रोज दिसतो म्हणून कुणी बघत नाही. इथे कॅमेरा पिझ्झा पोचवणाऱ्या पोराच्या घरी जातो, मालकाच्या नाही. तू म्हणशील, मग मालकावर अन्याय झाला. नाही झाला. पंचवीस वर्षं हाताने उभं केलेलं ते दुकान हेच त्याचं घर, आणि तिथे आपण दिवसभर बसलेलो असतो. म्हणून ते जळतं तेव्हा पोटात कालवतं.

माझ्या पहिल्या पटकथेत एक पहारेकरी होता. वेगळा चेहरा, वेगळे उच्चार, तीन वाक्यं. ते काम करणाऱ्या नटाने विचारलं, “हा घरी जाऊन काय करतो?” मी म्हणालो, त्याची गरज नाही. दिवस कमी होते, पैसे कमी होते, हे सगळं खरं होतं आणि आजही मी ते स्वतःला ऐकवतो. पण एक पान लिहायला पैसे लागत नव्हते. प्रेक्षक त्याच्या उच्चारांवर हसले, आणि तो नट माझ्या शेजारीच बसला होता.

तेव्हा भाषणं काप. टॅक्सीवाल्याने शेवटी केलेली ती क्षमाही काप. ती तुझ्या समाधानासाठी आहे, त्याच्या नव्हे. तो पाळी संपवून दार उघडतो, तिथून एक पान लिही. आत कोण जागं आहे? तो आधी काय करतो? संवाद नको. ते पान पाठव, मगच पुढचं बोलू.

तुझा,
सर