बेल-इनला 'अंतर्गत जामीन' म्हणावे का?

विचारणा अशी: सहकारी बँकेच्या सभासदांसाठी मराठीत माहितीपत्रक करायचे आहे. त्यात 'बेलआउट', 'बेल-इन' आणि 'हेअरकट' हे शब्द येतात. 'बेल' म्हणजे जामीन, तेव्हा बेल-इनला 'अंतर्गत जामीन' म्हटले तर चालेल का? आणि ठेवीदाराला 'घेणेकरी' म्हणणे बरोबर आहे का?

'अंतर्गत जामीन' नको. इथे कोणी कोणाला जामीन राहत नाही. इंग्रजीत एकाच उच्चाराचे दोन 'बेल' आहेत, एक कोर्टातला आणि दुसरा होडीत शिरलेले पाणी उपसण्याचा. बँकांच्या बेलआउटमध्ये कोणता किती मुरला आहे, हा वाद इंग्रजीवाल्यांनी घालावा. आपल्यापुरता अर्थ एवढाच, की बुडू लागलेल्या संस्थेला बाहेरच्या, बहुधा सरकारी, पैशाने सावरायचे. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी गुंतवणूक बँक कोसळली आणि ३ ऑक्टोबरला अमेरिकेत ७०० अब्ज डॉलरच्या मदतयोजनेचा कायदा झाला, हे त्याचे ठळक उदाहरण. 'बेलआउट' मराठी वर्तमानपत्रांत रुळला आहे, तो खुशाल ठेवा. फक्त 'तारणे' या क्रियापदावरून 'बँकतारण' करण्याचा मोह आवरा. बँकेच्या दारात 'तारण' म्हटले की सोने नाहीतर घर आठवते. 'उद्धार' तर त्याहून धोक्याचा; मराठीत कोणाचा उद्धार केला की त्यात पूर्वजही आले.

खरी अडचण बेल-इनची. २००८ नंतर करदाते चिडले होते, की नफा यांचा आणि तोटा आमचा, हे कुठवर? जानेवारी २०१० मध्ये क्रेडिट सुइस या स्विस बँकेच्या दोन अधिकाऱ्यांनी 'इकॉनॉमिस्ट' साप्ताहिकात लेख लिहून उलट वाट सुचवली, आणि तेव्हापासून हा शब्द चलनात आला. सरकारने पैसे घालण्याऐवजी बँकेकडे ज्यांचे पैसे आहेत त्यांच्याच रकमेतून तोटा भरायचा. त्यांचे येणे कमी करायचे किंवा त्याचे शेअर करून टाकायचे. (मार्च २०२३ मध्ये याच क्रेडिट सुइसला यूबीएस या दुसऱ्या स्विस बँकेच्या पदरात घालताना तिचे सुमारे १६ अब्ज फ्रँकचे रोखे एका फटक्यात शून्य झाले. शब्द चालवणाऱ्यांच्या घरीच तो राहायला आला.)

आता 'घेणेकरी'. आपला 'ठेव' हा शब्द मोठा फसवा आहे. ठेवली म्हणजे जपून ठेवली, मागितली की तीच परत मिळणार, असा त्याचा भाव. कायद्याला ते मान्य नाही. तुम्ही पैसे भरलेत म्हणजे बँकेला उसने दिलेत. तुम्ही धनको, बँक ऋणको. म्हणून ठेवीदाराला घेणेकरी म्हणणे अगदी बरोबर. 'देणेकरी' मात्र लिहू नका. बोलताना लोक तो दोन्ही बाजूंना लावतात, पण देणे ज्याच्या अंगावर आहे तो देणेकरी, म्हणजे इथे बँक. ठेवीदार घेणेकरी आहे हे एकदा कळले, की बेल-इनमध्ये त्याचा नंबर कसा लागतो हेही कळते.

यासाठी मला सुचतो तो शब्दप्रयोग 'सक्तीची पदरमोड'. पदरमोड आपण राजीखुशीने करतो, म्हणून 'सक्तीची' हवेच. 'अंतर्गत बचाव' किंवा 'अंतर्गत पुनर्भांडवलीकरण' असे शब्द मला पटत नाहीत, कारण पैसे कोणाचे गेले हे त्यांत लपते. कायद्याच्या मसुद्यासारखे लिहायचे असेल तर 'घेणेकऱ्यांच्या रकमेतून तोटाभरपाई' म्हणा. लांब आहे, पण प्रामाणिक आहे.

पत्रकात उदाहरण घालणार असाल तर परदेशात जायची गरज नाही. २०१७ च्या वित्तीय निराकरण व ठेव विमा विधेयकात बेल-इनचे कलम होते. विम्याच्या मर्यादेतल्या ठेवी त्यातून वगळल्या होत्या, तरी लोक धास्तावले आणि ऑगस्ट २०१८ मध्ये विधेयक मागे घेतले गेले. कलम गेले, गोष्ट राहिली. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईच्या पीएमसी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. योजनेनुसार ठेव विम्याचे ५ लाखांपर्यंतचे पैसे आधी आणि मोठ्या ठेवींची बाकी रक्कम टप्प्याटप्प्याने, शेवटचा हप्ता दहा वर्षांनी. संस्थांच्या ठेवींपैकी विम्याबाहेरच्या रकमेचा ८० टक्के भाग चक्क प्रेफरन्स शेअरमध्ये बदलला. ही पदरमोडच, फक्त 'बेल-इन' हे नाव कोणी फारसे घेतले नाही. विम्याची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून १ लाखावरून ५ लाख झाली आहे, हे पत्रकात ठळक अक्षरांत घ्या.

राहिला 'हेअरकट', म्हणजे घेणेकऱ्याच्या येण्यात होणारी कपात. त्यासाठी 'केशकर्तन' असे काही लिहू नका. 'सूट'ही नको, सूट देणारा आपणहून देतो. 'कात्री' चांगला आहे: 'येण्याला कात्री लागली'. 'हजामत' सगळ्यांत नेमका, पण संचालक मंडळ तो छापू देणार नाही. शक्य तिथे नामच टाळून हिशेब लिहा. सायप्रसमध्ये २०१३ साली बँक ऑफ सायप्रसच्या १ लाख युरोंवरच्या ठेवींचे काय झाले, हे सांगायला 'हेअरकट' कशाला हवा? त्या रकमेच्या दर शंभर युरोंपैकी साडेसत्तेचाळीस युरोंच्या जागी बँकेचे शेअर हातात आले, असे लिहा.