शिंकलं की लघवी निसटते. फिजिओथेरपीचा खरंच उपयोग होतो का?

होतो. मला झाला. पण तुमच्या प्रश्नातलं "सासूबाई म्हणतात, बाळंतपणानंतर हे चालायचंच" वाचलं आणि निवडत होते ती मेथी बाजूला सारून लिहायला बसले. त्यामुळे उत्तर लांबणार.

तुमचं बाळ सात महिन्यांचं, तुम्ही दोन महिने व्हिडिओ बघून किगल, म्हणजे लघवी अडवणारे खालचे स्नायू आवळून सोडायचा व्यायाम, करताय आणि काडीचा फरक नाही. मी गेले तेव्हा माझा धाकटा नऊ वर्षांचा होता. म्हणजे नऊ वर्षं मी हे "चालायचंच" चालवलं. खोकला आला की मांडीवर मांडी, लांबचा प्रवास असला की सकाळपासून पाणी बंद, साड्या सगळ्या गडद रंगाच्या.

मग वन्संच्या सुनेची मंगळागौर आली. रात्रीचे अकरा वाजलेले, झिम्मा झाला, साधी फुगडी झाली, तोवर सगळं ठीक. बसफुगडीला मला ओढलं आणि तिसऱ्या-चौथ्या उडीला खाली गरम लागलं. नऊवारीचा काष्टा ओला झाला की झाकायला काही उरत नाही. गुडघा धरला, "आई गं" म्हटलं आणि भिंतीला टेकून सूप मांडीवर घेऊन बसले ते आरती होईपर्यंत उठलेच नाही. वन्संच्या लक्षात आलं. कानाशी येऊन म्हणाल्या, "कपडा घेत जा गं. मी दहा वर्षं घेतेय. त्यात काय एवढं!"

दुसऱ्या दिवशी चहाला सगळ्या जमल्यावर वर हेही ऐकवलं, की आमच्या वेळी दीड महिना शेक-शेगडी असायची, पोट करकचून बांधायचे. तुम्ही पोरी महिन्याभरात स्कूटीवर बसता, मग होणारच. मला तेव्हा म्हणायचं होतं, "मग वन्सं, तुमचा कपडा कशासाठी?" पण पाहुण्यांसमोर गिळलं. ते आज इथे बाहेर पडतंय. पोट बांधल्याने कमरेला आधार वाटतो, मीही बांधलं होतं. पण पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत झोळीसारखे जे स्नायू असतात, ते वरच्या पट्ट्याने भरून येत नाहीत. उलट फार आवळलं तर दाब जाणार कुठे? खालीच.

आधी एका डॉक्टरांकडे गेले होते. माझं बोलणं पुरतं व्हायच्या आत ते म्हणाले, दोन मुलं झालीत ना, पिशवी काढून टाका. पाळी व्यवस्थित, गाठ नाही, काही नाही. नळ गळतोय म्हणून माळ्यावरचं कपाट काढायचं, त्यातली गत. शेवटी मैत्रिणीच्या सुनेने फिजिओचं नाव दिलं.

पोरगी अठ्ठावीस-एकोणतीसची असेल. पहिल्या दिवशी व्यायाम शून्य. तीन दिवसांची वही लिहायला लावली: पाणी किती, चहा किती, किती वेळा गेलात, कधी निसटली. माझे दिवसाला चौदा फेरे निघाले! शाळेत प्रत्येक तासाआधी "असू दे, जाऊन येऊ" ही सवय. त्याने मूत्राशयाला थोडं भरलं की लगेच हाक मारायची खोड लागते, हे तेव्हा कळलं.

दुसऱ्या वेळी तिने हातमोजा घालून, विचारून, एका बोटाने आतून तपासलं आणि म्हणाली, "आता आवळा." मी श्वास कोंडून जीव खाऊन आवळलं. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, तुम्ही खाली ढकलताय."

म्हणजे घरी मी जे व्यायाम म्हणून करत होते, ते दुखण्यात भर घालत होतं. १९९१ साली अमेरिकेत सत्तेचाळीस बायकांना हा व्यायाम नुसता तोंडी सांगून पाहिला होता. जेमतेम निम्म्यांना नीट जमला, आणि साधारण चौथा हिस्सा असा करत होता की त्रास वाढावा. त्या चौथ्या हिश्शातली मी. बहुधा तुम्हीही. ज्यांचं नाव या व्यायामाला आहे ते डॉक्टर किगल १९४८ सालीच दाब मोजायचं यंत्र लावून हे शिकवत होते, बाईला आपलं बरोबर चाललंय का ते दिसावं म्हणून. आता यंत्र गेलं, नाव राहिलं आणि रील्स फिरतायत.

बरोबर काय, ते असं: वारा अडवताना आवळतो ते आणि लघवी अडवताना आवळतो ते, दोन्ही एकदम, आत आणि वर. पोट, मांड्या, ढुंगण गप्प. मोठ्याने आकडे मोजा म्हणजे श्वास कोंडत नाही. मग पूर्ण सैल सोडा. सोडणं हा अर्धा व्यायाम आहे. आठ-आठ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळा आणि मग शिंका, या एकाच गोष्टीने मला सगळ्यात लवकर गुण आला. लघवी करताना धार तोडून सराव करू नका. योगाच्या बाई म्हणतील हीच अश्विनी मुद्रा. जवळची आहे, पण तिच्यात भर मागच्या बाजूवर.

पहिले सहा आठवडे काहीच वाटलं नाही, फी फुकट गेली असं म्हणत होते. तिसऱ्या महिन्यात फळा पुसताना खडूची भुकटी नाकात गेली, ओळीने तीन शिंका आल्या आणि साडी कोरडी. आजही खोकला फार झाला तर थेंबभर येतं, खोटं कशाला सांगू.

आतून तपासणं सक्तीचं नसतं, नको म्हणता येतं. जळजळ, ताप किंवा लघवीत रक्त असेल तर आधी तपासणी. खाली गोळा हाताला लागत असेल, अंग बाहेर येतंय असं वाटत असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञ. आणि संबंधाच्या वेळी दुखत असेल तर हे स्नायू सैल नसून ताठलेलेही असू शकतात. तिथे आवळण्याने आणखी बिघडतं. हे खरं तर मी वरच लिहायला हवं होतं.

खर्चाचं विचारलंत. सहा वर्षांपूर्वी एका वेळचे पाचशे, आठ वेळा गेले. आताचं फोनवर विचारा, आणि बाळंतपणानंतरचं हे काम करता का तेही विचारा. गुडघे-कंबर बघणारे सगळेच करत नाहीत.

वन्सं अजून कपडाच घेतात. मागच्या महिन्यात पंढरपूरला जाताना गाडी तीनदा थांबवायला लावली, दर वेळी चहाचं निमित्त, आणि चहा एकदाही प्यायल्या नाहीत. भाऊजी पुढे बसले होते म्हणून गप्प राहिले. आता दिवाळीत त्या आठ दिवस माझ्याकडे आहेत.