खुराडं लपवू नका, नोंदवा

प्रश्न : मागच्या अंगणात चार गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा पाळलाय. शेजाऱ्यांनी तक्रार केली. आता शहरात कोंबड्या पाळू द्यायच्या का, हा विषय महापालिकेच्या सर्वसाधारण सभेत येणार आहे. आम्ही काय मागावं?
– एक वाचक भगिनी, मराठवाडा

उत्तर : ताई, पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी नोकरी खेडोपाडी कोंबड्यांना लस टोचण्यात गेली. परवानगी मागाच, पण सोबत नोंदणीही मागा.

2021 च्या जानेवारीत परभणी तालुक्यातल्या मुरुंब्यात बर्ड फ्लूनं सुमारे 800 कोंबड्या मेल्या. एक किलोमीटरच्या परिघातले पक्षी मारायचा हुकूम निघाला. त्या दिवसांत मी दुसऱ्याच एका गावात घरोघर मोजणी करत होतो. एका आजीच्या अंगणात कोंबडी दिसेना, पण उंबऱ्याशी ओली विष्ठा होती. बाजेखाली डालगं, वर गोधडी. गोधडी उचलली तर आत तीन कोंबड्या, त्यातली एक मान टाकून बसलेली. "साहेब, नेऊ नका, नातीच्या वह्या याच्यावरच येतात," आजी म्हणाल्या. ती कोंबडी मानमोडीनं, म्हणजे राणीखेत रोगानं आजारी निघाली, बर्ड फ्लू नव्हता. पण असता तर? लेकरं त्याच बाजेवर झोपत होती.

सरसकट बंदी घातली की शहरातल्या कोंबड्याही अशाच बाजेखाली जातील. मग मेलेली कोंबडी लोक गुपचूप नालीत टाकतील, दवाखान्याला कळवणार नाहीत. नोंद असली तर लस देणारा माणूस दारात येतो, साथीत कुठं जायचं ते कळतं. आणि सरकारी भरपाई मारलेल्या पक्ष्यांचीच मिळते, आधी मेलेल्यांची नाही. म्हणून वेळेत कळवण्यातच तुमचं हित.

शेजाऱ्यांचं म्हणणंही खोटं नाही. पहाटेची बांग आजारी माणसाला जीवघेणी होते. अंड्यांसाठी कोंबडा लागतच नाही. तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, वयात आली की त्याच्याविना अंडी घालते, फक्त त्यातून पिल्लं निघत नाहीत. म्हणून 'कोंबडा नको' ही अट तुम्हीच सुचवा. वास येतो तो विष्ठा ओली राहिल्यानं. खुराड्यात दोन-तीन इंच लाकडाचा भुसा पसरा, रोज खालीवर करा, भिजलेला काढून टाका. सांडलेलं दाणं रात्री उचला, नाहीतर घुशी येतात.

संख्येची मर्यादा, शेजारच्या भिंतीपासून अंतर, मानमोडीच्या लसीची नोंद, एवढं अर्जात लिहा. शुल्क मात्र नको म्हणा, दोन-चार अंड्यांवर घर चालवणाऱ्या बायांना ते जड जाईल. तुमच्या प्रभागाच्या नगरसेवकांना घरी बोलावून खुराडं दाखवा.

कोंबडा सभेच्या आधीच गावाकडं पाठवा, आणि शेजाऱ्यांना स्वतः जाऊन तसं सांगा.