सॅटिन जुनं झालं की चमकतं

वाद्यांचं दुखणंखुपणं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी कुंभारजुव्याला राहतो. नोकरी सांभाळून एका ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. चवथ, जत्रा, लग्नं धरून वर्षाला तीस-पस्तीस कार्यक्रम होतात. नवी गिटार घ्यायची आहे. एकच मॉडेल दोन फिनिशमध्ये, म्हणजे वरच्या लेपात, मिळतंय : चकचकीत ग्लॉस आणि मंद सॅटिन. सॅटिन तीन हजारांनी स्वस्त आहे. दुकानदार म्हणतो ग्लॉसच टिकतं, सॅटिन दोन वर्षांत ‘जातं’. मित्र नेमकं उलट सांगतो. घर खाडीकाठी आहे, मला घामही भरपूर येतो. काय घेऊ?

उत्तर : दुकानदार अर्धं खरं बोलतोय आणि मित्र उरलेलं अर्धं. सॅटिन ‘जातं’ म्हणजे नेमकं काय होतं, ते आधी बघू.

फोंड्याच्या माझ्या दुकानात भिंतीला एक काळी सॅटिन गिटार टांगलेली आहे. माझीच, अकरा वर्षांची. उजव्या हाताचं कोपर जिथे टेकतं तिथे वीतभर पट्टा आरशासारखा चमकतो, बाकी अंग कोळशासारखं मंद. शाळेत टेरिकॉटची पँट घातलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. बसायची जागा आधी चमकायची, फाटायची वेळ फार पुढे यायची. इथेही रंग उडालेला नाही की लाकूड उघडं पडलेलं नाही. गिऱ्हाईक मात्र बोट लावून म्हणतं, “फिनिश गेलं वाटतं!”

सॅटिन आणि ग्लॉस ही दोन वेगळी रसायनं नव्हेत. बहुतेक वेळा लॅकर, म्हणजे लाकडावर फवारायचं वार्निश, तेच असतं, सॅटिनमध्ये सिलिकाची अगदी बारीक पूड मिसळलेली असते. वाळल्यावर पृष्ठभाग डोळ्याला न दिसण्याइतका खडबडीत राहतो, उजेड त्यावर विखुरतो आणि आपल्याला मंदपणा दिसतो. बाही आणि कोपर रोज घासून ती सूक्ष्म टेंगळं सपाट करतात, म्हणून चमक येते. ग्लॉसला शेवटी वॉटर पेपरचे, म्हणजे ओल्या पॉलिश पेपरचे, चढते नंबर मारून बफिंग करावं लागतं. ती मजुरी सॅटिनला वाचते. तुमच्या तीन हजारांतला मोठा भाग तिथलाच.

टिकणं-न टिकणं ठरतं ते खालच्या रसायनावर आणि थराच्या जाडीवर. मी मूळचा फर्निचर पॉलिशवाला. वडिलांच्या हाताखाली चपड्याचं पॉलिश कापडाच्या बोळ्याने चढवत वाढलो, त्यामुळे या विषयावर जरा जास्त बोलतो, सांभाळून घ्या. 1950 च्या दशकातल्या फेंडर गिटारींवर नायट्रोसेल्युलोज लॅकर असायचं, त्या काळच्या मोटारगाड्यांवर असायचं त्याच जातीचं. 1960 चं दशक संपता संपता त्यांनी जाड पॉलिएस्टरचा रस्ता धरला. गिब्सन आपल्या अमेरिकेत बनणाऱ्या गिटारींना आजही नायट्रो लावते. नायट्रो पातळ आणि नाजूक. घामाने, उन्हाने ते खराब होतं, गार-गरम झाल्याने त्याला बारीक तडे जातात. पॉलियुरेथेन, म्हणजे आपल्या सुतारांचं पीयू, त्याहून चिवट. पॉलिएस्टर सगळ्यांत कडक, पण आपटलं की कपबशीसारखी त्याची कपची उडते. आपल्याकडे मध्यम किमतीत मिळणाऱ्या गिटारींवर बहुधा पीयू किंवा पॉलिएस्टरच असतं, तुम्ही बघितलेलं मॉडेलही त्यातलंच असणार. दोन्हींना घामाची भीती नाही. खाडीकाठच्या घरात फिनिशच्या कितीतरी आधी ब्रिजचे, म्हणजे बॉडीवर तारा जिथे टेकतात त्या पट्टीचे, स्क्रू आणि तारा गंजतील.

आता तुमच्या कामाचा मुद्दा. ग्लॉसवर ओरखडा लगेच दिसतो, पण तो काढता येतो. 2000 नंबरचा वॉटर पेपर ओला करून हलक्या हाताने फिरवायचा, मग रबिंग कंपाउंड, आणि जागा शोधून सापडत नाही. कपची उडाली तर सुपरग्लूचे थेंब साचवून खड्डा भरतात आणि तासून बफ करतात. काळ्या गिटारीवर तर माझं मलाच नंतर सापडत नाही. सॅटिनवर हीच दुरुस्ती केली तर खड्डा भरतो, पण त्या जागी रुपयाएवढा चमकता टिळा राहतो. तो पुन्हा आजूबाजूसारखा मंद करणं फार कटकटीचं. बहुतेकदा सगळी बाजू नव्याने फवारावी लागते. भिंतीवरच्या त्याच काळ्या गिटारीला मी पहिल्या वर्षी हौसेने गाडीचं पॉलिश लावलं होतं. चार ठिकाणी ढगाळ, दोन ठिकाणी चकचकीत. बायको म्हणाली, कोड फुटल्यासारखी दिसते. सॅटिनला पॉलिश लावायचं नाही. किंचित ओलसर सुती फडकं आणि लगेच कोरडं, एवढंच.

म्हणजे ग्लॉस मंद करता येतं, सॅटिन पुन्हा एकसारखं करणं अवघड. म्हणून मी तुमच्या जागी असतो तर तीन हजार जास्त मोजून ग्लॉस घेतली असती आणि घरी आल्या आल्या नेकची, म्हणजे गिटारीच्या दांड्याची, पाठ मंद करून घेतली असती. मे महिन्यात मांडवाखाली ग्लॉस नेकवर अंगठा चिकटतो, स्वर बदलताना हात अडखळतो. मंद नेकवर त्वचा कमी जागी टेकते, त्यामुळे हात सरकतो. 0000 नंबरचं स्टील वूल घेऊन नेकच्या लांबीच्या दिशेने पंधरा-वीस मिनिटं घासलं की झालं. आधी पिकअपवर, म्हणजे तारांखालच्या आवाज पकडणाऱ्या भागावर, कागद लावून कडा टेपने बंद करा. आत लोहचुंबक असतं, लोखंडाची कीस एकदा त्याला चिकटली की तुम्हीही कंटाळाल आणि मीही. वर्षभराने हाताने घासून नेक पुन्हा चमकेल, तेव्हा पुन्हा घासा. काही कंपन्या ग्लॉस बॉडीला सॅटिन नेकच देतात, दुकानात आधी हात फिरवून बघा.

एक सूचना, उघड्यावर वाजवणाऱ्या सगळ्यांनाच. रात्रीच्या जत्रेत डासांसाठी हाताला काही चोळत असाल तर डबीवर ‘डीट’ लिहिलंय का ते वाचा. ते द्रव्य प्लास्टिक आणि वार्निश मऊ करतं, नायट्रो तर चिकट करून टाकतं. इथे सॅटिन-ग्लॉस सगळे सारखेच. हात धुऊन मगच गिटार उचला.

प्रश्न : जुन्या गिटारीला जुलैमध्ये घरीच नायट्रो लॅकर फवारलं. अर्ध्या तासात दुधासारखी पांढुरकी झाक आली. ही सॅटिनसारखी ठेवून चालेल का? (वाळपई)

उत्तर : नको, ते सॅटिन नव्हे, आत अडकलेली ओल आहे. थिनर झपाट्याने उडतो तेव्हा पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं बाष्प त्यावर बसतं. तुमच्या सत्तरी तालुक्याच्या पावसात दुसरं काय होणार! घाबरू नका, घासूही नका. हवा कोरडी झाली की, म्हणजे आपल्याकडे नोव्हेंबरात, नुसत्या रिटार्डर थिनरचा, म्हणजे सावकाश उडणाऱ्या थिनरचा, अगदी हलका फवारा मारा. वरचा थर पुन्हा मऊ होऊन ओल बाहेर पडते. तोंडाला मास्क, दारं-खिडक्या उघड्या आणि जवळ देवाचा दिवा नको.

प्रश्न : मुलाच्या मामांनी परदेशातून त्याला महागडी अमेरिकन गिटार आणली. महिनाभर स्टँडवर होती, आता पाठीवर दोन काळपट, चिकट डाग आहेत. साबणाने जात नाहीत. (डिचोलीची एक आई)

उत्तर : ताई, साबण आधी थांबवा. ते मळाचे डाग नाहीत. स्टँडच्या रबरातलं द्रव्य नायट्रोमध्ये उतरून लॅकर मऊ झालंय. खात्री करायची तर पिकगार्ड, म्हणजे बॉडीवरचा प्लास्टिकचा पत्रा, उघडून त्याखालच्या, कधीच न दिसणाऱ्या जागी थिनरमध्ये बुडवलेली कान साफ करायची कापसाची काडी टेकवा. लॅकर चिकट झालं तर नायट्रो. पीयूला काही होणार नाही. गिटार आठवडाभर भिंतीला गळपट्ट्याने टांगून ठेवा, म्हणजे मऊ झालेला भाग थोडा आवळेल. मग गिटारीचं पॉलिश हलक्या हाताने लावून बघा. वरवरचे डाग फिके होतील, खोल गेलेले राहतील. आवाजाला त्याने काही होत नाही. स्टँडच्या रबरावर जुन्या सुती पातळाची पट्टी घट्ट गुंडाळून शिवून टाका. आणि मुलाला रागावू नका, गिटार स्टँडवर ठेवायला त्याला मामांनीच शिकवलं असणार.