मातीच्या ढिगल्या दिसल्या म्हणून औषध टाकू नका

प्रश्न : पावसानंतर शेतात बारीक कणीदार मातीच्या ढिगल्या दिसतात. बांधाला वाळवीही आहे. दुकानदार म्हणतो, दाणेदार कीटकनाशक टाका. टाकावे का? गांडूळ खताच्या बेडमधली गांडुळे शेतात सोडली होती, तीही दिसत नाहीत.

उत्तर : टाकू नका. त्या ढिगल्या म्हणजे गांडुळांची विष्ठा. बोटाने ढिगली सारा, खाली बीळ सापडेल. पावसाचे पाणी त्या बिळातून खाली मुरते, मुळेही त्याच वाटेने खोल जातात. आजूबाजूच्या मातीपेक्षा या विष्ठेत पिकाला लगेच घेता येणारे नत्र आणि स्फुरद जास्त असते. कार्बोफ्युरानसारखे दाणेदार औषध गांडुळांना अतिशय विषारी आहे. आणि जमिनीत ओल असते तेव्हाच गांडुळे वरच्या थरात येतात. नेमके तेव्हाच तुम्ही दाणे फेकायला निघता. ‘थोडे जास्तच टाका, चांगला रिझल्ट येतो’ हे तर मुळीच ऐकू नका.

वाळवी दिसली म्हणजे पीक गेले असे नाही. बहुतेक वाळवी वाळलेला काडीकचरा खाते आणि जमीन पोकळ करते. ऑस्ट्रेलियातल्या कोरडवाहू गव्हाच्या प्रयोगात (२०११) मुंग्या आणि वाळवी राहू दिलेल्या वाफ्यांत, त्यांना औषधाने हटवलेल्या वाफ्यांपेक्षा ३६ टक्के जास्त उत्पादन आले. तुमच्याकडे रोपे सुकत असतील तर एक उपटून मूळ बघा. मूळ कुरतडलेले असेल, तरच तेवढ्या जागी त्या पिकासाठी शिफारस केलेले औषध लेबलवरच्या मात्रेत द्या. सरसकट नाही, दीडपट नाही.

बेडमधली गांडुळे, बहुधा आयसेनिया फेटिडा जातीची, कुजणाऱ्या ढिगात राहणारी. उघड्या शेतजमिनीत ती टिकत नाहीत, म्हणून किलोने विकत घेऊन सोडू नका. शेतातली मूळची गांडुळे वाढवायची तर आच्छादन करा. पाचट, तणे, पालापाचोळा जाळू नका, सरीत पसरा. माझे पहिले सांगणे नेहमी आच्छादनाचेच असते, कारण खायला आणि सावलीला काही नसेल तर गांडूळ थांबणार कशाला? रोटाव्हेटर वारंवार फिरवू नका. खोल बिळे त्यानेच मोडतात.

शेणखत वापरत असाल तर आणखी एक. आयव्हरमेक्टिन हे जंताचे औषध दिलेल्या जनावराच्या शेणातून ते बाहेर पडते आणि शेणभुंग्यांच्या अळ्या मरतात. हे भुंगे शेण जमिनीत पुरतात, फुकट खत घालतात. म्हणून जंताचे औषध दुकानातून परस्पर आणून देऊ नका. आधी पशुवैद्यकाकडून शेण तपासून घ्या.