पहिल्या सभासदाच्या हातात काय द्यायचं?

प्रिय पोरी,

तुझं पत्र मिळालं, दोनदा वाचलं. तुमच्या बँडच्या चाहत्यांच्या क्लबचं नाव ठरलंय, लोगो तयार आहे, वर्गणी २०० ठेवायची की ३०० यावर तुमचं अडलंय. ‘मावशी, तू अमेरिकेत अशा चाहत्यांत होतीस, तूच सांग,’ असं शेवटी लिहिलंयस. सांगते, पण वर्गणीकडे सावकाश येईन. त्याआधी ब्रुकलिनची गोष्ट ऐक.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यू यॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये लेस किपेल नावाचा तरुण राहायचा. त्याला ग्रेटफुल डेड या रॉक बँडचं वेड. बँड कॅलिफोर्नियाचा, १९६५ साली सुरू झालेला, आणि कुठल्याही दोन रात्री सारखं न वाजवणारा. आज सहा मिनिटांत संपलेलं गाणं उद्या वीस मिनिटं चालायचं. एखादा गवई तोच राग दोन मैफलींत दोन तऱ्हांनी मांडतो आणि जाणकार दोन्हीकडे हजेरी लावतात ना, तसंच हे. त्यामुळे दुकानातल्या रेकॉर्डवर कुणाचं भागायचं नाही. परवा रात्री काय वाजलं तेच हवं असायचं, आणि ते मिळायचं फक्त टेपरेकॉर्डर लपवून आत नेणाऱ्यांकडे. किपेलने अशा टेपा जमवल्या आणि अदलाबदलीसाठी एक गट काढला. गटाच्या नावातच ‘मोफत’ हा शब्द होता. टेप द्यायची, टेप घ्यायची, पैशांचा व्यवहार नाही. पुढे या टेपवाल्यांना एकमेकांचा पत्ता लागावा म्हणून १९७४ साली त्यांनी घरगुती पत्रक काढलं, ‘डेड रेलिक्स’. त्याचंच ‘रेलिक्स’ मासिक झालं, आणि ते आजही निघतं.

यात तुला एक गोष्ट दिसावी असं मला फार वाटतं. तो गट ‘आमचा बँड किती थोर’ हे सांगायला निघाला नव्हता. एकाकडे असलेली वस्तू दुसऱ्याला हवी होती, आणि मधे कुणीतरी उभं राहायची गरज होती. आपल्याकडे मंडळ म्हटलं की आधी अध्यक्ष, मग कार्यकारिणी, मग पावतीपुस्तक. तू उलटं कर. पहिला सभासद आला की त्याच्या हातात काय ठेवणार, ते आधी ठरव.

बँडनेही आपल्या बाजूने हात पुढे केला होता. १९७१ सालच्या त्यांच्या जोडरेकॉर्डच्या आत एक आवाहन छापलं होतं: तुम्ही कोण, कुठे आहात, कसे आहात, नाव-पत्ता पाठवा, आम्ही कळवत राहू. खाली सॅन राफेल गावातला टपालपेटीचा क्रमांक. पत्रांचा ढीग लागला. आयलीन लॉ नावाच्या बाईंनी ती यादी वर्षानुवर्षं सांभाळली. यादी सांभाळणाऱ्या माणसाला कुणी टाळ्या वाजवत नाही, पण क्लब उभा असतो तो त्याच माणसावर. तुमच्यात असं कोण आहे ते बघ. गिटार वाजवणारा मुलगा बहुधा नसेल.

आता माझं. मी १९८६ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कलीला एमएसला गेले. रॉक मला ओ की ठो कळत नव्हतं. मी ओढली गेले तबल्यामुळे. बँडचा ढोलवादक मिकी हार्ट उस्ताद अल्लारखाँकडे शिकलेला, माहीमच्या झाकीरभाईंबरोबर त्याने १९७६ साली रेकॉर्ड केलेली, हे कळलं आणि ‘बघू तरी’ म्हणून शेजारच्या ऑकलंडला त्यांच्या कार्यक्रमाला गेले. दुसऱ्या सत्रात बाकीचे वादक आत गेले आणि नुसते ढोल वाजत राहिले. मी तिथेच अडकले.

आठवड्याने प्रयोगशाळेतल्या एका मुलाने माझ्या टेबलावर नव्वद मिनिटांची मॅक्सेल कॅसेट ठेवली. त्याच रात्रीचं रेकॉर्डिंग. आतल्या कार्डावर बारीक पेन्सिलीने गाण्यांची यादी, जिथे एक गाणं न थांबता दुसऱ्यात शिरतं तिथे छोटा बाण. खाली कुठला मायक्रोफोन, कुठल्या जागेवरून, आणि ही मूळ टेपेवरून कितवी नक्कल. प्रत्येक नकलेगणिक खरखर वाढायची, म्हणून तो आकडा खरा लिहिणं ही सगळ्यांची इभ्रत होती. मी पैसे किती म्हणून विचारलं. त्याचा चेहराच पडला. म्हणाला, तू दोघांना करून दे.

मी करून दिल्या. नवखा कुणी दोन कोऱ्या कॅसेटी आणि परतीचं टपाल पाकिटात घालून पाठवायचा, आपण एकीवर नक्कल करून परत धाडायची आणि दुसरी ठेवून घ्यायची. नव्वद मिनिटांच्या टेपेला नव्वद मिनिटं बसावंच लागायचं. मी त्या वेळात भाजी चिरायची, आवाजाचा काटा लाल खुणेपलीकडे जातोय का ते बघत. एकदा सेमिस्टरच्या गडबडीत एका मुलाचं पाकीट माझ्याकडे तीन महिने पडून राहिलं. त्याचं कार्ड आलं: ‘कॅसेट नको, पण तुम्ही बऱ्या आहात ना?’ त्या कार्डाची मला आजही लाज वाटते. तुमच्या क्लबला पहिलं पत्र येईल तेव्हा त्याच आठवड्यात उत्तर दे. दोन ओळींचं चालेल.

आमच्या त्या छोट्या वर्तुळात पुढे एकाने टेपा विकायला काढल्या. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. कुणी भांडलं नाही, पण लोकांनी त्याला द्यायचं बंद केलं आणि दोन महिन्यांत त्याच्याकडे नवं काही येईना. लेखी नियम एकही नव्हता, तरी तो सगळ्यांना पाठ होता.

बँडशी कसं वागायचं, हेही तू विचारलंयस. सुरुवातीला टेपवाल्यांना हाकललं जायचं. पण बँडने हळूहळू दुर्लक्ष केलं, आणि मायक्रोफोनचे उंच दांडे इतके वाढले की आवाज सांभाळणाऱ्या डॅन हीलीला समोरचं स्टेज दिसेना. तेव्हा ऑक्टोबर १९८४ मध्ये बर्कलीच्याच कम्युनिटी थिएटरमध्ये टेपवाल्यांना हीलीच्या मागे वेगळी जागा दिली, वेगळी तिकिटं काढली. अट एकच, धंदा करायचा नाही. तू तुमच्या बँडकडून हे आत्ताच स्पष्ट बोलून घे: रेकॉर्डिंग कोण करणार, कुठे उभं राहून, आणि कुठलं गाणं अजून बाहेर जाऊ द्यायचं नाही. हे बोलणं अवघड वाटेल. नंतर बोलायला गेलीस तर त्याहून अवघड होतं.

वाढण्याबद्दल थोडं. मोठ्या जमावात माणूस हरवतो, हे त्या चाहत्यांनी स्वतःच ओळखलं. दारू-नशा सोडलेल्यांनी १९८० च्या दशकात ‘व्हार्फ रॅट्स’ नावाचा गट केला. मध्यंतरात पिवळे फुगे दिसले की तिकडे जायचं, एकमेकांना धीर द्यायचा. ज्यांना ऐकू येत नाही असे चाहतेही एकत्र बसायचे, फुगा दोन्ही हातांत धरून त्यातून गाण्याची थरथर घ्यायचे, समोर खुणांची भाषा जाणणारा दुभाषी उभा. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. तुमच्या कार्यक्रमात एकटी येणारी मुलगी कुठे उभी राहील, रात्री घरी कशी जाईल, याचा विचार लोगोच्या आधी व्हायला हवा होता. रागावू नकोस.

आणि दुसरी बाजूही बघून ठेव. १९८७ साली ग्रेटफुल डेडचं एक गाणं अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या दहांत गेलं आणि तिकीट नसलेली गर्दी दाराशी जमू लागली. जुलै १९९५ मध्ये इंडियानातल्या डियर क्रीकला लोकांनी कुंपण पाडलं, दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम रद्द झाला, आणि बँडला चाहत्यांना कळकळीचं पत्र लिहावं लागलं. महिनाभराने, ९ ऑगस्टला, बँडचा गिटारवादक आणि गायक जेरी गार्सिया गेला. बँडने त्या नावाने वाजवणं थांबवलं. टेपा मात्र फिरत राहिल्या. १९७७ च्या मे महिन्यातला कॉर्नेल विद्यापीठातला कार्यक्रम ध्वनिमुद्रित केला होता बेटी कँटर-जॅक्सनने. तिच्या त्या टेपेच्या नकला लोकांनी इतक्या जपल्या की अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०११ सालच्या राष्ट्रीय ध्वनिसंग्रहाच्या यादीत त्या कार्यक्रमाला जागा दिली.

राहिली वर्गणी. पहिलं वर्ष घेऊच नका. सभासद होण्यासाठी प्रत्येकाने एक वस्तू आणायची: एखाद्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग, फोटो, तिकिटाचा तुकडा, गाण्यांची यादी. काहीच नसेल त्याने एक संध्याकाळ खुर्च्या लावायच्या. तारीख, जागा आणि गाण्यांचा क्रम एका वहीत लिहीत जा. त्या वहीची एक प्रत दुसऱ्या घरी ठेव. माझी एकुलती एक वही घर बदलताना गेली, चारशे टेपांच्या नोंदी होत्या तिच्यात.

सोबत ती मॅक्सेल कॅसेट पाठवतेय. आता वाजत नाही, पण आतलं कार्ड बघ, बाण कसे काढलेत ते. तुमच्या डिसेंबरच्या कार्यक्रमाची यादी तशीच करून मला पाठव. रेकॉर्डिंगही पाठव, आणि कुणी कुठे उभं राहून केलं ते लिहायला विसरू नकोस.

तुझी,
मावशी