ॲप काढून टाकण्यापूर्वी : ऑडिओबुकविषयी वाचकांचे प्रश्न

फोनवर ऑडिओबुक ऐकणाऱ्या नाशिककर वाचकांच्या पत्रांत एक वाक्य हमखास असते : ‘ॲप काढून पुन्हा टाकले, तरी तेच.’ हा उपाय शेवटी करायचा, पण तो सर्वांत आधी केला जातो. त्यात डाउनलोड केलेली पुस्तके पुसली जातात आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो. तेच तेच प्रश्न पुन्हा येत असल्यामुळे या वेळी ते एकत्र घेतले आहेत. उत्तरे अँड्रॉइड फोन गृहीत धरून दिली आहेत. सेटिंगमधील नावे कंपनीगणिक थोडी बदलतील.

प्रश्न : इअरफोनची पिन निघाली की पुस्तक आपोआप थांबते. फोन बिघडला आहे का? (सिडको)

उत्तर : नाही, चारचौघांत आवाज एकदम स्पीकरवर जाऊ नये म्हणून ती मुद्दाम केलेली सोय आहे.

प्रश्न : मी पंचवटी एक्सप्रेसने नाशिकरोडहून मुंबईला जातो. इगतपुरी मागे पडले की कसाऱ्यापर्यंत पुस्तक अडखळते. सहप्रवासी म्हणतात, दुसऱ्या कंपनीचे सिम घ्या. घ्यावे का?

उत्तर : घाटातील बोगद्यांना तुमच्या सिमच्या कंपनीशी काही देणेघेणे नाही. थेट इंटरनेटवरून ऐकताना ॲप पुढचा थोडाच भाग साठवून ठेवते, आणि तो संपेपर्यंत रेंज आली नाही की आवाज थांबतो. पुस्तक आदल्या रात्री घरच्या वायफायवर डाउनलोड करून ठेवा. ६४ केबीपीएस दर्जाच्या ध्वनीला तासाला सुमारे २९ एमबी जागा लागते, म्हणजे दहा तासांचे पुस्तक ३०० एमबीच्या आत बसते. मात्र डाउनलोडची खूण दिसली एवढ्यावर विसंबू नका. फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि पहिले व शेवटचे प्रकरण अर्धा-अर्धा मिनिट वाजवून पाहा. शेवटचे वाजले नाही तर पुस्तक अर्धवट उतरले आहे. शिवाय अनेक ॲप्स डाउनलोड केलेल्या पुस्तकाचा परवाना अधूनमधून इंटरनेटवरून तपासतात, त्यामुळे बरेच दिवस न उघडलेले पुस्तक निघण्यापूर्वी एकदा घरी उघडून घ्यावे. एवढे करूनही वाजले नाही, तर ॲपमधील ‘मदत’ विभागात लिहून विचारा.

प्रश्न : स्क्रीन बंद झाली की दहा-पंधरा मिनिटांत पुस्तक थांबते. बाजारातल्या एका दुकानात फोन दाखवला, तर ‘सॉफ्टवेअर मारावे लागेल’ म्हणाले. शेजाऱ्यांनी मेमरी साफ करणारे ॲप टाकून दिले, त्यानंतर थांबणे वाढलेच. काय करावे? (गंगापूर रोड)

उत्तर : आधी ते साफसफाईचे ॲप काढा. थांबणे वाढले ते त्याच्यामुळेच असण्याची दाट शक्यता आहे, कारण मागे चालू असलेली ॲप्स बंद करणे हेच त्याचे काम, आणि स्क्रीन बंद असताना वाजणारे पुस्तक हे मागे चालू असलेलेच ॲप असते. मेमरी जितकी मोकळी तितका फोन वेगवान, ही समजूत अशा ॲप्सच्या जाहिरातींनीच रुजवली. वस्तुतः अँड्रॉइड मेमरीची वाटणी स्वतः करते, आणि बंद पाडलेले ॲप पुन्हा पुन्हा उघडण्यात बॅटरी उलट अधिक खर्च होते.

आता मूळ दोषाकडे वळू. २०१५ मध्ये अँड्रॉइड ६ बरोबर ‘डोझ’ नावाची व्यवस्था आली. फोन चार्जरला नसेल, स्क्रीन बंद असेल आणि फोन एका जागी पडून असेल, तर मागच्या ॲप्सची कामे ती लांबणीवर टाकते. चालू असलेल्या आवाजाला ती सहसा हात लावत नाही. परंतु बॅटरी दोन दिवस टिकते अशी जाहिरात करता यावी म्हणून अनेक फोन कंपन्यांनी त्यावर आपले अधिक कडक नियम चढवले, आणि त्यांच्या तडाख्यात ऑडिओबुक सापडते. कंपनीने स्वतः दिलेले संगीताचे ॲप रात्रभर वाजते आणि तुम्ही घेतलेले पुस्तक पाव तासात झोपते, यामागे पुष्कळदा हेच कारण असते. ग्राहक मात्र दोष ॲपला देतो, ॲपवाले फोनकडे बोट दाखवतात, आणि दुकानदाराचे फावते.

खात्री करून घेणे अवघड नाही. डाउनलोड केलेले पुस्तक एअरप्लेन मोडवर लावून फोन टेबलावर ठेवा. तरीही थांबले, तर दोष इंटरनेटचा नाही. मग तेच पुस्तक चार्जर लावून ऐका. चार्जरवर अखंड वाजले आणि चार्जर काढल्यावर थांबले, तर चोर बॅटरीच्या सेटिंगमध्येच आहे असे समजावे. ऑडिओबुकच्या ॲपचे चिन्ह दाबून धरा, ‘ॲप इन्फो’ उघडा, त्यातील ‘बॅटरी’मध्ये ‘अनरिस्ट्रिक्टेड’ किंवा ‘नो रिस्ट्रिक्शन्स’ निवडा. शाओमीच्या फोनवर ‘ऑटोस्टार्ट’ही चालू करावे. सॅमसंगवर ते ॲप ‘स्लीपिंग’ किंवा ‘डीप स्लीपिंग’च्या यादीत गेले आहे का ते पाहावे आणि असल्यास बाहेर काढावे. फोनची प्रणाली अपडेट झाल्यावर ही सेटिंग्ज पूर्ववत होऊ शकतात, म्हणून तक्रार पुन्हा उद्भवली तर आधी येथेच डोकवावे. ॲपमधील स्लीप टायमर, म्हणजे ठरावीक वेळेनंतर पुस्तक आपोआप थांबवणारी सोय, चुकून लागला आहे का, हेही पाहून घ्यावे. ते कारणही अगदीच दुर्मीळ नाही.

राहिले सॉफ्टवेअर मारणे. फोनची प्रणाली नव्याने चढवताना फोटो, मेसेज आणि सगळी डाउनलोड्स पुसली जाऊ शकतात, आणि हे सर्व झाल्यावर बॅटरीची सेटिंग्ज कारखान्यातून आली तशी, म्हणजे तितकीच कडक, होऊन बसतात. पैसे देऊन पुस्तक पुन्हा पंधराव्या मिनिटाला थांबणार असेल, तर ती दुरुस्ती कशाची? वरील सर्व करूनही दोष राहिला, तर फोटोंचा बॅकअप घेऊन कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात जा, कोणते काम करणार ते कागदावर लिहून घ्या आणि मगच फोन हातातून सोडा.

प्रश्न : मित्राने व्हॉट्सॲपवर सर्व पुस्तके फुकट देणारे ॲप पाठवले आहे. टाकू का?

उत्तर : टाकू नका. प्ले स्टोअरबाहेरून फिरणाऱ्या अशा एपीके फाइली (थेट फोनवर ॲप बसवणाऱ्या फाइली) अनेकदा मेसेज वाचण्याची परवानगी मागतात, आणि बँकेचा ओटीपी मेसेजमध्येच येतो. टाकले असेल तर आजच्या आज बँकेला कळवा.

प्रश्न : फोनवर चौदावे प्रकरण चालू आहे, टॅबलेटवर मात्र पुस्तकच दिसत नाही. पैसे भरलेले आहेत. (इंदिरानगर)

उत्तर : तुमची बहुधा दोन खाती झाली आहेत. एका ठिकाणी मोबाइल क्रमांकाने आणि दुसऱ्या ठिकाणी गूगल खात्याने लॉगइन केले, तर ॲपच्या लेखी त्या दोन वेगळ्या व्यक्ती असू शकतात, आणि पैसे एकीनेच भरलेले असतात. दोन्हीकडे ‘प्रोफाइल’ उघडून क्रमांक व ईमेल ताडून पाहा. तोवर ‘क्लिअर डेटा’ दाबू नका. ‘क्लिअर कॅशे’ने तात्पुरत्या फाइली जातात, पण ‘क्लिअर डेटा’ने लॉगइन आणि डाउनलोड्सही जातात. खाती एकत्र करून मिळतात का, हे ॲपच्या मदत विभागाला पावतीसह विचारावे.

प्रश्न : वडील (वय ७८) एकाच कानात इअरफोन घालतात. काही पात्रांचे संवाद त्यांना ऐकूच येत नाहीत.

उत्तर : नाट्यरूपांतरित पुस्तकांत आवाज डाव्या-उजव्या बाजूंना वाटलेले असू शकतात. ‘ॲक्सेसिबिलिटी’मध्ये ‘मोनो ऑडिओ’ चालू करा, म्हणजे सर्व आवाज दोन्ही बाजूंना येतील. पण ते एकच कान का वापरतात, हे कोणी विचारले आहे का? दुसऱ्या कानाने कमी ऐकू येत असेल, तर आवाज वाढवत राहू नका. कान-नाक-घसातज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या.

प्रश्न : ॲप काढून टाकले तरी दरमहा पैसे कापले जात होते. इंटरनेटवर ग्राहक सेवेचा नंबर शोधून फोन केला. त्यांनी आमची स्क्रीन त्यांना दिसेल असे ॲप टाकायला लावले, ‘रिफंड’साठी यूपीआय पिन टाकायला सांगितला आणि नऊ हजार रुपये गेले. चार दिवस झाले. पैसे मिळतील का? (नाशिकरोड)

उत्तर : हे पत्र लिहिण्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन क्रमांकावर फोन व्हायला हवा होता, वाचत असाल तर आधी तो करा, त्याच दमात बँकेला कळवा आणि मग सायबर पोलीस ठाण्यात जा. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवता आली तरच परत येण्याची आशा असते. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार, पिन सांगण्यासारख्या ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान बँकेला कळवेपर्यंत ग्राहकाचे असते, कळवल्यानंतरचे बँकेचे. तुम्ही चार दिवस कोणाची वाट पाहिलीत? स्क्रीन दाखवणारे ते ॲप काढा आणि दुसऱ्या फोनवरून पासवर्ड बदला. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही.

मूळ कटौतीबद्दल : ॲप काढल्याने सदस्यत्व रद्द होत नाही. प्ले स्टोअरमध्ये आपल्या चित्रावर दाबून ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’मधून ते रद्द करा, आणि यूपीआय ॲपमधील ‘ऑटोपे’ची मंजुरीही मागे घ्या. अशा ठरावीक कटौतीपूर्वी किमान २४ तास आधी सूचना पाठवणे बंधनकारक आहे. तसा मेसेज आला नसेल, तर बँकेच्या शाखेत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.